उकळून प्या

विजयमालाची म्हैस मेली ती लाडानं मेली. नुकतीच व्यालेली, त्यात पौषातली थंडी. असल्या म्हशीला गार पाणी दाखवू नये, हे करमाळ्याच्या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून विजयमाला धरणाच्या फुगवट्यावर जायची, कळशीच्या बुडानं वरची हिरवी साय बाजूला सारायची, खालचं पाणी आणून खळखळा उकळायची आणि कोमट झालं की पाजायची.

जनावरांचे डॉक्टर अभिमन्यू आले तेव्हा म्हैस पाय ताणून पडली होती.

"काकू, घात त्या शेवाळानं केला. थंडीत वरचं पाणी गार होऊन तळाला जातं, तळाचं वर येतं. शहरांनी वर्षभर सोडलेली घाण गाळात बसलेली असते, तिचा कस वर आला की हे शेवाळ माजतं."

"म्हंजे शेवाळाला खुराक, आन् माज्या म्हशीला जहर? पर मी उकळून पाजलं की!"

"उकळून हे विष जात नाही. उलट शेवाळ फुटतं आणि पाण्यात जास्त उतरतं. पंचायतीला मी मागंच सांगितलं होतं."

तेवढ्यात रस्त्यानं कचऱ्याची घंटागाडी गेली. वरचा भोंगा ओरडत होता, 'नागरिकांनी पाणी उकळून प्यावे.' विजयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुलाब लागले, उकळून प्या. कावीळ आली, उकळून प्या. दुखणी शंभर आणि पंचायतीकडं औषध एकच, तेही फुकटचं!

मग तिला अंगणवाडी आठवली. तिथल्या नळाला हेच पाणी होतं, आणि तिची नात वैष्णवी तिथंच होती.

ती पदर खोचून धावत सुटली. अंगणवाडीच्या दारात चुलीवर पातेलं खदखदत होतं. मदतनीस राजाबाई कौतुकानं म्हणाली, "बगा की, भोंग्यावर सांगत्यात तसं लई येळ उकळलंय."

विजयमालानं लाथेसरशी पातेलं उलथलं. चूल फसफसून विझली.

"वयनी, याड लागलं का काय?"

"इख हाय त्यात! उकळून मरत न्हाय ते!"

राजाबाईनं वळून आत पोरांकडं पाहिलं. "ही दुसरी खेप हुती," ती कशीबशी म्हणाली. "पयली पोरांनी सकाळीच पिली."

वैष्णवी कोपऱ्यात पोट धरून बसली होती. विजयमालानं तिला कडेवर उचललं, रस्त्यावर येऊन घंटागाडीला आडवी झाली. गाडीवाला जोतीराम खाली उतरला.

"काकू, गाडीत कचरा हाय."

"आसू दे. गावानं पोरांस्नी कचराच पाजलाय. भर समदी गाडीत, दवाखान्याला चल."

पोरं रडत कचऱ्यावर बसली. जोतीरामनं गाडी चालू केली, तसा भोंगाही आपोआप सुरू झाला, 'नागरिकांनी पाणी उकळून...'

विजयमालानं एका हातानं नातीला धरलं आणि दुसऱ्या हातानं भोंग्याची वायर उपटून काढली.