येणारा काठ

उल्हास नदी ओलांडताना विठाने येणारा काठ कधी पाहिलाच नव्हता. जाणारा काठ मात्र तिला तोंडपाठ होता. करंजाचं झाड, धुण्याचा धोंडा, वाळत घातलेली लुगडी, सगळं लहान लहान होत धुक्यात विरून जायचं. कारण महारवाड्यातल्या माणसांनी होडीत बसायचं ते अगदी मागे, आणि तेही पुढच्यांकडे पाठ करून. आपला श्वास त्यांच्या अंगाला लागू नये, म्हणून. हा शोध कोणत्या शहाण्याने लावला कोण जाणे! वारा कुठून कुठे वाहतो, एवढंही त्याने पाहिलं नसावं.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. शिवाशिव कायद्याने बंद झाली होती म्हणे, पण कायदा बदलापूर स्टेशनात उतरला असेल तर नदीपर्यंत काही चालत आला नव्हता. विठा रोज सकाळी होडीने बदलापूरच्या बाजूला येई आणि तिथून गाडीने अंबरनाथच्या आगपेट्यांच्या कारखान्यात जाई. गाडीत तिला कोणी जात विचारत नसे. खिडकीशी जागा मिळाली की खांब, खाचरं, डोंगर तिच्याकडे धावत येत आणि ती डोळे भरून बघत बसे. संध्याकाळी होडीत पाय ठेवला की पुन्हा पाठमोरी.

तिला एक स्वप्न सारखं पडायचं. होडीच्या पुढच्या फळीवर आई बसली आहे, पाण्याचा आवाज नाही, होडी ओढायच्या दोराचा नाही, आणि समोरचा काठ पाण्यावरून हलकेच चालत आईकडे येतो आहे. तो जवळ येऊन कसा दिसतो, ते कळायच्या आत तिला जाग यायची. पाहिलेलंच नाही ते स्वप्न तरी कुठून दाखवणार?

आई, बनूबाई, जन्मभर गवताचे भारे पलीकडच्या बाजारात विकत आली. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजवा गेल्यात जमा होता आणि डावा धुरकटला होता.

"दिवाळीनंतर तुला बी आवाजावरनंच वळखीन गं," ती एकदा सहज म्हणाली.

विठाने मनाशी ठरवलं. आईला दिसतंय तोवर तिला पुढच्या फळीवर बसवायचं, काठ येताना दाखवायचा. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. तिने वाड्यातल्या बायका गोळा केल्या. हात उचलायचा नाही, शिवीला उत्तर द्यायचं नाही आणि उतरायचं नाही, एवढंच ठरलं.

आश्विनातली सकाळ होती. नदीवर धुकं असं बसलं होतं की होडी पाण्यात आहे की ढगात, कळू नये. या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधलेला असे आणि होडीच्या मध्ये उभा राहून कोंडाजी नावाडी तो ओढत होडी नेई. तो आला तेव्हा पुढच्या फळ्या बायकांनी भरल्या होत्या. सगळ्यांत पुढे बनूबाई.

"उतर गं विठे. चेष्टा बस झाली," कोंडाजी म्हणाला.

"चेष्टा नाय, काका. पल्याड जायचंय. तुमी दोर वढा."

"अगं, पर मागं बसा की!"

"मागं लई बसलो."

काठावर माणसं जमली. गावचे जमीनदार हिंदुराव आले आणि झाला प्रकार पाहून भडकले. "बघता काय? ओढून काढा यांना बाहेर!"

आणि इथे गाडं अडलं. ओढून काढायचं म्हणजे हात धरायला हवा. हात धरायचा म्हणजे शिवायला हवं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं सोवळं नेमकं आज आडवं आलं होतं.

"कोंडाजी, तू काढ."

"मी? मंग माझ्या होडीत कोन बसंल?"

हिंदुरावांच्या गड्याने शेवटी एक लांब बांबू आणला आणि दुरूनच तो पुढे केला. अंधूक डोळ्यांच्या बनूबाईला वाटलं, कोणी आधार देतोय. तिने टोक धरलं. "कोन रं बाबा? द्येव तुजं भलं करो."

गड्याने चटका बसावा तसा बांबू टाकून दिला. काठावर एक-दोघं खुदकन हसली आणि हिंदुरावांकडे बघून गप्प झाली.

दिवसभर शिव्या झाल्या, दरडावणं झालं, वाळीत टाकायच्या धमक्या झाल्या. बायका बसून राहिल्या. कारखान्याचा भोंगा आज आपल्यावाचून झाला असेल, विठाला वाटून गेलं. मग ऊन वर चढलं आणि तेही वाटेनासं झालं. दोराला बांधलेली होडी पाण्यावर झुलत होती, आणि प्रत्येक हिंदोळ्यागणिक पलीकडचा काठ जरासा जवळ आल्यासारखा वाटे, मग पुन्हा मागे सरे. कोणी ओव्या म्हणत होतं, कोणी डुलकी घेत होतं. आपण कधीपासून इथे बसलो आहोत आणि कधीपर्यंत बसणार आहोत, काही कळत नव्हतं. रात्री वाड्यातून आलेली भाकरी त्यांनी होडीतच खाल्ली, पण जागा सोडली नाही.

दुसऱ्या सकाळी भाजीवाली कौसाबाई काठावर येऊन उभी राहिली. ती कुणब्यांतली, तोंडाची फटकळ. कालची तिची भाजी म्हशीने खाल्ली होती आणि आजची पाटीत मान टाकू लागली होती. तिने एकदा होडीकडे पाहिलं, एकदा पाटीकडे, लुगडं खोचलं आणि सरळ होडीत चढून मागच्या रिकाम्या जागेत बसली.

"कौसाबाय, बाटशील!" हिंदुराव ओरडले.

"बाटले तर बाटले. तुमच्या सोवळ्यानं माझा माठ ताजा ऱ्हातोय काय? वढ रे कोंडाजी!"

मग दूधवाला चढला. मग आणखी कोणी. प्रत्येक जण दुसरीकडेच बघत चढत होता, जणू पाय आपोआप होडीत पडला. हिंदुराव तेवढे राहिले. ते काठाकाठाने लांबच्या रेल्वेपुलाकडे निघाले. पुढेही ते पुलावरूनच जात राहिले म्हणतात. जोडे झिजले, ताठा काही झिजला नाही.

कोंडाजीने दोराला हात घातला. होडी सुटली. विठाने आईकडे पाहिलं.

होडी हलताच बनूबाईचं अंग आपसूक वळलं होतं. पुढच्या फळीवर, सगळ्यांच्या पुढे, ती काठाकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समोर एवढी तोंडं आपल्याकडे बघताहेत असं जाणवून तिने पदर ओढून मान खाली घातली.

कोंडाजीने मध्यावर दोर ओढायचा थांबवला. जन्मभर तो तिला 'ए बने, सरक मागं' म्हणत आला होता.

"बनूबाय," तो म्हणाला, "काठ त्या अंगाला हाय. तोंड तिकडं करा."

विठाने आईचे खांदे धरून तिला हळूच वळवलं. बनूबाईने पदर जरासा वर केला.

"आता बघू का?" तिने विचारलं.

"बघा," कोंडाजी म्हणाला.

होडी पुन्हा चालू लागली. धुकं फाटत होतं. बनूबाईचा डावा डोळा मोठा मोठा होत गेला, तोंड लहान पोरीसारखं उघडं राहिलं. "येतंय गं," ती म्हणाली. "समदं हिरवं हिरवं येतंय."

विठाला त्या दिवशीही काठ दिसला नाही. ती आईच्या तोंडाकडेच बघत राहिली.