कौतुक वाडग्याचं, चटके माझे

टण्ण!

दचकलात ना? सगळेच दचकतात. मी बोलतोय, ओव्हनमधला काळा ट्रे. एरवी माझं बोलणं एवढंच, एका आवाजाचं. पण सध्या पोटात इतकं साचलंय की तेवढ्यावर भागत नाही, म्हणून तुम्हाला धरून बसवलंय.

तुम्ही मला ओळखत नसाल. त्या पांढऱ्या वाडग्याला मात्र ओळखत असाल. टेबलाच्या मधोमध बसतो तो, कडेला निळी नक्षी, पोटात माझ्या भोपळ्याच्या फोडी. पाहुणे एक घास खातात आणि म्हणतात, "वा! काय सुंदर वाडगा आहे हो!" अहो, भोपळा भाजला कुणी? आगीत उभं कोण राहिलं? तो तर कपाटातून थेट टेबलावर येतो. त्याला मी 'वाडगेराव' म्हणतो. समोर नाही म्हणत, मनात म्हणतो. आयत्या बिळावरचा नागोबा मेला.

माझा जन्म कारखान्यातला नाही. आप्पांच्या हातचा आहे मी. आप्पा म्हणजे या घरातले सासरे. गल्लीच्या टोकाला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पन्हळी, धुराडी, पेट्या, जे म्हणाल ते ठोकून द्यायचे. उभा जन्म हातोड्याच्या आवाजात गेला आणि त्या आवाजानं त्यांचे कान हळूहळू खाऊन टाकले.

थोरली सून घरात नवी होती तेव्हाची गोष्ट. तिनं बाजारच्या पातळ ट्रेमध्ये भोपळा भाजायला घातला. अर्धा करपला, अर्धा कच्चा राहिला. ती ओट्याशी तोंड फिरवून डोळे पुसत होती. आप्पांनी पाहिलं, चप्पल पायात घातली आणि दुकानात गेले. जाड काळा पत्रा कापला, कडा दुमडल्या, कोपरे ठोकून बसवले आणि संध्याकाळी मला तिच्या हातात ठेवलं. "घे सूनबाई. हा दगा नाही देणार."

माझा एक कोपरा तेवढा किंचित पिळलेला राहिला. आप्पांनी बरंच ठोकून पाहिलं, पण तो काही सरळ झाला नाही. त्याच्यामुळेच मी वाजतो. ओव्हनमध्ये अंग तापलं की टण्ण! बाहेर काढून ओट्यावर ठेवलं आणि अंग निवायला लागलं की पुन्हा एकदा टण्ण!

थोरलीनं माझ्या या खोडीचं सोनं केलं. झाडांची पानं पिवळी पडायला लागली, संध्याकाळी हवेत गारवा आला की ती बाजारातून मोठा लाल भोपळा आणायची. सालीसकट जाड फोडी, कांद्याच्या पाकळ्या, लसणीचे न सोललेले गड्डे, वरून तेल आणि मीठ. सगळं माझ्यावर पसरायचं, पण दाटीवाटीनं नाही. दाटी झाली की भोपळा भाजत नाही, नुसता घामाघूम होतो. बिया धुऊन, पुसून शेवटी एका कडेला टाकायच्या, की त्या तडतडायच्या. मी पहिल्यांदा वाजलो की फोडी उलटायच्या. कडा तपकिरी झाल्या की मला बाहेर काढायचं आणि मग कुणी हात लावायचा नाही. माझ्या दुसऱ्या टण्णची वाट बघायची.

कारण गरम सॅलडची सगळी गंमत त्या दुसऱ्या आवाजात आहे. भोपळा जळता असताना पालकाची कोवळी पानं घातली तर त्यांचा शिजून लगदा होतो. थंड झाल्यावर घातली तर पानं एकीकडे आणि भोपळा एकीकडे, रुसलेल्या नवराबायकोसारखी. मी वाजलो की नेमकी वेळ झालेली असते. मग पानं, सफरचंदाच्या चकत्या, अक्रोड, लिंबू आणि मध, सगळं माझ्यातच हलवायचं आणि मला तसाच उचलून टेबलावर ठेवायचं.

हो, टेबलावर! तेव्हा माझी जागा तिथे होती. पिळलेल्या कोपऱ्यात तेल आणि भोपळ्याचा गोड रस साठून काळपट पाक व्हायचा. त्या कोपऱ्यातल्या फोडीसाठी घरातले दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा, मिशा फुटल्या तरी भांडायचे. आणि आप्पा? त्यांना तोवर हाका ऐकू येईनाशा झाल्या होत्या. पण खिडकीपाशी खुर्चीत बसल्या बसल्या माझी दुसरी टण्ण त्यांना बरोबर ऐकू यायची. "झाला वाटतं भोपळा," म्हणत ते आपणहून उठून यायचे. त्यांना जेवायला बोलवायचं काम त्या दिवसांपुरतं माझ्याकडे होतं. मला त्याचा किती तोरा होता म्हणून सांगू!

मग धाकट्याचं लग्न झालं आणि धाकटी आली. तिच्याबरोबर माहेरच्या खोक्यातून, कागदात गुंडाळलेले, वाडगेराव आले.

पहिल्याच भोपळ्याला धाकटी म्हणाली, "वहिनी, असा काळा ट्रे टेबलावर काय ठेवायचा? माझ्या वाडग्यात काढूया की!" थोरली नव्या जावेला नाही म्हणू शकली नाही. माझ्यातलं सगळं सॅलड त्या गोऱ्यागोमट्याच्या पोटात गेलं. मला नळाखाली टाकलं. बाहेरून "वा! वा!" ऐकू येत होतं आणि माझ्या अंगावर थंड पाणी पडत होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा जळलो. ओव्हनमध्ये इतकी वर्षं काढली, पण जळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

थोरलीही जळत होती. वरवर गोड बोलायची, पण दोघींचं सख्य म्हणजे विळ्याभोपळ्याचं. धाकटीनं कितीदा तरी विचारलं, "मला शिकवा ना भोपळा." थोरली म्हणायची, "शिकवायचंय काय त्यात? मी आहे ना करायला." बाकी सगळा स्वयंपाक तिनं वाटून घेतला, भोपळा तेवढा सोडला नाही. मला ते फार आवडायचं. वाटायचं, बरोबर आहे, आपलं ते आपलं.

धाकटीचे आईवडील एकदा जेवायला आले होते. मी ओव्हनमध्ये टण्णकन वाजलो आणि विहीणबाईंच्या हातातलं पाणी त्यांच्याच अंगावर सांडलं. मी काय मुद्दाम केलं का? पण धाकटी शरमली. पुढच्या आठवड्यात नवा ट्रे घरात आला. गुळगुळीत, करडा, काही चिकटत नाही असा, आणि सरळ तर इतका की ओळंब्यात धरावा. मला तिनं मागच्या दारात नेऊन ठेवलं. "चिखलाचे बूट ठेवायला बरा आहे," म्हणाली.

थोरलीनं पाहिलं. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. फक्त त्या दिवसापासून भोपळ्याला हात लावायचा नाही असं तिनं ठरवून टाकलं.

बूट! ज्याच्यावर दोन भावांची भांडणं व्हायची, त्याच्यावर आता त्याच भावांचे चिखलाचे बूट. वाऱ्यानं अंगणातली पिवळी पानं येऊन माझ्यावर पडायची. मी मनाशी म्हणायचो, घ्या, हे माझं सॅलड. दार उघडं असलं की आतला ओटा दिसायचा. वाडगेराव फडताळात पाठ टेकून बसलेले. त्यांना कुणी कपडा फिरवून पुसलं की माझ्या पत्र्यावर काटा यायचा.

असाच एक रविवार उजाडला. धाकटीचे आईवडील पुन्हा यायचे होते आणि त्यांनी आपल्या तोंडानं भोपळ्याचं सॅलड मागितलं होतं.

"वहिनी, तुम्हीच करा ना," धाकटी म्हणाली.

"तुझा ट्रे, तुझा वाडगा, तुझी माणसं. तूच कर," थोरली म्हणाली आणि कांदा चिरत बसली.

धाकटी बिचारी (आज बिचारी म्हणतो, तेव्हा म्हणत नव्हतो) कामाला लागली. आजवर लांबून जेवढं बघितलं होतं तेवढं केलं. भोपळा भाजून बाहेर आला. रंग बरा होता, हे मला कबूल करावं लागतं. पानं हातात घेऊन तिनं विचारलं, "वहिनी, पानं कधी घालू?"

थोरलीनं मान वर केली नाही. "ट्रे वाजला की."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! तो गुळगुळीत बाबा जन्मात वाजायचा नव्हता आणि थोरलीला ते पक्कं ठाऊक होतं. धाकटीला मात्र वाटलं, सगळेच ट्रे वाजत असणार, नव्याचा आवाज बारीक असेल. म्हणून ती ट्रेजवळ कान नेऊन उभी राहिली. बाहेरच्या खोलीतून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते, आणि ही पालकाची पानं मुठीत धरून ट्रेला कान लावून उभी. भोपळा कोमट झाला, मग गार झाला, मग तेल थिजून फोडी ट्रेला बसल्या.

"वाजला का गं?" थोरलीनं विचारलं.

"नाही ना अजून," धाकटी म्हणाली. तिचा आवाज रडकुंडीला आला होता.

बाहेर सगळे टेबलाशी बसले होते, फक्त आप्पा नव्हते. थोरल्यानं जाऊन त्यांचा खांदा हलवला, "आप्पा, चला जेवायला." आप्पांनी मान हलवली. "भोपळा आहे ना आज? वास येतोय. पण अजून वाजला नाही. वाजला की येतो."

मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, ते उठले आणि स्वयंपाकघरात आले. त्यांनी नवा ट्रे पाहिला, त्याला बोट लावलं, इकडेतिकडे शोधलं आणि मागच्या दारात येऊन उभे राहिले. मी बुटांच्या खाली होतो. आप्पा वाकले. एकेक बूट उचलून बाजूला ठेवला, पानं झटकली आणि मला कानाशी धरून बोटाच्या पेरानं टकटक केली.

तो आवाज फारच बारीक निघाला. पण आप्पा हसले.

"तुमच्या कुणाच्या हाका मला पोचत नाहीत," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचं बोलणं, घरभर ऐकू गेलं. "या घरात हाच एक मला बोलावतो. मी ठोकलेला आहे ना."

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. "आप्पांनी केलाय हा? आणि मी त्याच्यावर बूट... वहिनी, मला कुणी सांगितलं का नाही?"

थोरलीच्या हातातली सुरी थांबली. "मीच नाही सांगितलं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तोही तुझाच झाला असता, असं वाटलं मला."

माझ्या भ्रमाचा भोपळा तिथे फुटला. मी समजत होतो, थोरली माझ्यासाठी रुसली आहे. ती स्वतःसाठी रुसली होती. बुटांखालून मला तिनं एका शब्दानं सोडवलं असतं, पण धाकटी फसावी म्हणून तिनं मला तिथेच राहू दिलं. आणि मी तरी कुठला मोठा साधू? मघाशी उकळ्या मलाच फुटत होत्या.

थोरलीनं मला घासलं. इतकं घासलं की जुना काळेपणाही जरा लाजला. ओट्यावर उरलेला अर्धा भोपळा होता. तिनं सुरी धाकटीच्या हातात दिली. "जाड फोडी कर. आणि दाटी करू नकोस." पाहुण्यांना तोवर पाव आणि गप्पांवर थोपवून धरलं. ओव्हनमध्ये मी वाजलो तेव्हा विहीणबाई या खेपेला पेला दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. मला बाहेर काढलं. दोघी जावा माझ्याकडे एकटक बघत उभ्या राहिल्या. इतकं तर मला कुणी कधीच बघितलं नव्हतं.

टण्ण!

"घाल!" थोरली ओरडली आणि धाकटीनं दोन्ही ओंजळींनी पानं टाकली. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आप्पा निघाले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग तुला मानानं टेबलावर नेलं असेल. मलाही तसंच वाटलं. धाकटीनं मला उचललंही होतं. पण थोरलीनं, माझ्या थोरलीनं, फडताळ उघडलं आणि म्हणाली, "थांब. तुझ्या वाडग्यात काढ. त्यात छान दिसतं."

घ्या! जावाजावांची गट्टी झाली आणि माझी पुन्हा मोरी. बाहेरून विहीणबाई म्हणाल्या, "वा! काय सुंदर वाडगा!" मी इतका चिडलो की थंड असूनही वाजेन असं वाटलं.

जेवण अर्ध्यावर आलं असताना आप्पा पावाचा तुकडा घेऊन आत आले. मोरीपाशी उभं राहून त्यांनी माझ्या पिळलेल्या कोपऱ्यातला काळपट पाक पुसून पुसून खाल्ला. पेरानं एकदा टकटक केली आणि परत गेले. वाडगेरावांपाशी सगळे बसले होते, पण ताटावरून उठून कुणी आलं असेल तर ते माझ्याकडे.

आता मी ओव्हनशेजारी भिंतीला टेकून उभा असतो. नवा ट्रे बिस्किटांना वापरतात. भोपळा धाकटीही करते आणि बरा करते. मत्सर माझा गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? वाडगेराव टेबलाकडे निघाले की आजही माझ्या कडा ताणल्या जातात.

पण हल्ली दुसऱ्या टण्णनंतर खुर्ची सरकायला उशीर लागतो. कधी कधी धाकटी दारात जाऊन बघते आणि म्हणते, "उठले, उठले." तेवढा वेळ माझं अंग निवायचं थांबतं.

म्हणून एकच मागतो. कौतुक, फोटो, टेबलाची मधली जागा, सगळं त्या वाडग्याला द्या. जळफळत का होईना, मी सोडलं. पण ती खुर्ची भरलेली आहे तोवर माझा हा कोपरा कुणी ठोकून सरळ करू नका. आप्पांना जेवायला मीच बोलावणार.