चकचकीत बाजू खाली

जुन्या फिल्मची पट्टी ही जात मुळातच आडमुठी. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की तिला तीच सवय लागते. सरळ करायला जावं तर एक टोक दाबेपर्यंत दुसरं उठून बसतं. रविवारी दुपारी ठिणगीने जेवणाच्या टेबलावर हीच कुस्ती मांडली होती. शेजारी सेकंडहँड घेतलेला स्कॅनर, समोर काळ्या प्लास्टिकची चौकट, हातात पांढरे सुती मोजे. फिल्म मोठ्या कॅमेऱ्याची, चांगली चार बोटं रुंद, एका पट्टीत तीन चौकोनी फोटो. पट्टीची कड खाचेत सरकवायची, वरचं झाकण अलगद टेकवायचं आणि 'टक' असा आवाज आला की सुटकेचा निःश्वास टाकायचा. तो 'टक' यायच्या आत पट्टी दरवेळी निसटत होती.

ठिणगी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. ते मावशीने ठेवलेलं, आणि का ठेवलं हे कुणी विचारत नसे. ठिणगी कवळ्या बनवायची. दवाखान्यांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि ती मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायची, तासन् तास, न कंटाळता. दातांशी जेवढा संयम तेवढा माणसांशी मात्र नाही. ज्या दंतवैद्याने फोनवर "जरा घाई करा" म्हटलं, त्याचे दात त्याच्याच घशात जायचे. "मावशीवर गेलीये," सगळे म्हणायचे. "आईचं काही म्हणजे काही उचललं नाही. आई कशी, गरीब गाय होती!"

हे ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि दरवेळी तिला ते लागायचं. ती वर्षाची व्हायच्या आतच आई गेली. आठवण अशी काहीच नाही. भिंतीवर एक फोटो तेवढा होता, स्टुडिओतला, लग्नाच्या आधीचा. मान ताठ, ओठ मिटलेले, डाव्या गालावर तीळ. आईने तिला मांडीवर घेतल्याचा एकही फोटो कुणी पाहिलेला नव्हता. आणि स्वभावही आईचा नाही म्हटल्यावर आपल्यात आईचं आहे तरी काय, हा प्रश्न चाळिशी उलटली तरी तिची पाठ सोडत नव्हता.

मावशी ही आईची जुळी बहीण. अगदी हुबेहूब. फरक एवढाच की मावशीचा तीळ उजव्या गालावर. म्हणून घरात एकीला डावी म्हणायचे आणि दुसरीला उजवी. डावी गेली तेव्हा उजवी आली ती चार दिवस पोरीला सांभाळायला, आणि ती राहिली ती राहिलीच. पोर मोठी होऊन आपल्या संसाराला लागली, तेव्हा कुठे तिने मागच्या गल्लीत स्वतःचं बिऱ्हाड केलं. वडिलांनी बायको गेल्यावर कॅमेऱ्याला हात लावला नाही. शेवटचा रोल तेवढा धुऊन आणला, पण त्याचे फोटो छापून घ्यायचा धीर त्यांना कधी झाला नाही. पट्ट्या गुंडाळून पत्र्याच्या डबीत गेल्या. मागच्या वर्षी वडीलही गेले, आणि कपाट आवरताना ती डबी ठिणगीच्या हाती लागली.

म्हणून तर हा सगळा खटाटोप.

फिल्मच्या कडेला बारीक अक्षरं आणि आकडे छापलेले असतात. ठिणगी कामाची पक्की. ती अक्षरं वरून सुलटी वाचता येतील अशीच तिने पट्टी बसवली. जाणूनबुजून उलटं कोण कशाला बसवेल? शेवटी एकदाचा 'टक' झाला, स्कॅनरचा दिवा रांगत रांगत सरकला, आणि पडद्यावर पहिला फोटो उतरला.

खिडकीशी एक बाई बसली होती, मांडीवर बाळ. ती बाळाकडे बघत होती, दुसरं काही या जगात नसल्यासारखी. चेहरा थोडा कॅमेऱ्याकडे वळलेला. डाव्या गालावर तीळ.

"आई," ठिणगी म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी ती मोठ्याने म्हणाली. मग तिने हातमोजे काढले आणि त्याच मोज्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या फोटोत तीच खिडकी आणि तेच बाळ, पण बाईचे केस बाळाच्या मुठीत आणि बाई फोटो काढणाऱ्यावर खेकसतेय. तोंड उघडं, कपाळाला आठ्या, आणि 'आधी ते बंद करा' म्हणणारा हात पुढे आलेला. तीळ उजव्या गालावर. "ह्या आमच्या मावशीबाई!" ठिणगीला रडता रडता हसू फुटलं. तिसऱ्या फोटोत नुसती हललेली खुर्ची होती.

दोन्ही फोटो छापून ती संध्याकाळीच मावशीकडे गेली. मावशी मटार सोलत बसली होती. ठिणगीने पहिला फोटो तिच्या हातात ठेवला. "बघ! आई! आणि मांडीवर मी!"

मावशीने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "छान आलाय," ती म्हणाली.

"एवढंच?"

"मग काय आता नाचू? हात मटाराचे आहेत माझे."

"आणि ही बघ तू. केवढं तोंड फाडलंयस! बाळाला सांभाळायला घेतलं होतंस की खायला?"

मावशी हसली. "होतेच मी तशी. डोक्यात राख घालून घ्यायची." मग तिने पहिल्या फोटोतल्या बाळाच्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि दोन्ही फोटो परत दिले. "पहिल्याला चांगली फ्रेम कर हो. दुसरा टाक कुठेतरी."

आठवडाभर ठिणगी हवेत होती. खिडकीतला फोटो भिंतीवर लागला, स्टुडिओतल्या फोटोच्या शेजारी. ती कधी नव्हे ती फोनवर गोड बोलायला लागली, तर दवाखानेवाले घाबरले. गरीब गाईची लेक गरीबच असायला हवी, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

पुढच्या रविवारी तिने दुसरी पट्टी बसवली. एव्हाना हात सरावला होता. पहिल्या झटक्यात 'टक'. फोटो रस्त्याचा निघाला. औषधाचं दुकान, बाहेर उभी केलेली गाडी. आणि दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी, गाडीचा नंबरही उलटा.

तिने डोळे चोळले. मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. स्कॅनरच्या खोक्यात पडलेला माहितीचा कागद उघडला. चकचकीत बाजू खाली, त्यात लिहिलं होतं. वरून पाहताना फिल्मवरची अक्षरं उलटी दिसली पाहिजेत. बरोबरच होतं. आपण वरून बघतो, पण हा स्कॅनर फिल्म खालून बघतो. सुलटं बसवलं म्हणूनच सगळं उलटं आलं होतं.

"शहाणीच आहेस," ती स्वतःला म्हणाली आणि हसली. आणि हसता हसता थांबली.

तिने पहिली पट्टी डबीतून काढली. घाईत पट्टी दोनदा वळून बसली. चकचकीत बाजू खाली. टक. खिडकीतली बाई परत पडद्यावर आली. तसंच बघणं, तसंच बाळ. तीळ उजव्या गालावर.

पुढचा फोटो उतरायचीही तिने वाट बघितली नाही. आई हाती लागली होती आणि हातची गेली होती, एवढंच तिला कळत होतं. आणि मावशीला हे ठाऊक होतं! स्वतःचा फोटो माणूस ओळखणार नाही होय? ती तशीच निघाली आणि मावशीचं दार ढकलून आत घुसली.

"तुला माहीत होतं!"

मावशी दचकून उभी राहिली. हात छातीशी. "काय गं?"

"खिडकीत तू आहेस! पट्टी मी उलटी बसवली होती. पण तुला माहीत होतं आणि तू तोंडातून ब्र काढला नाहीस!"

मावशी हळूच खाली बसली. "काय बोलायचं होतं? एवढ्या वर्षांनी तुला आई भेटली. तेव्हा मी म्हणायचं, अगं सरक, ती मी आहे?" तिने मनगटानेच नाक पुसलं. "मला तर आरशात रोज तीच दिसते. माझा तीळ तिकडे जातो ना. मग फोटोत एकदा तुलाही दिसली, तर कुणाचं काय बिघडलं?"

"माझं बिघडलं! मी तिला भिंतीवर..." ठिणगी अडखळली. काहीतरी जुळत नव्हतं, किंवा जरा जास्तच जुळत होतं. "थांब. खिडकीत तू, तर मग ती दुसरी कोण? ती ओरडणारी?"

मावशीने मान वळवली.

"मावशी."

"डावी," मावशी म्हणाली. "नको नको म्हणत होती, तरी तुझ्या वडिलांनी फोटो काढला. तू तिचे केस धरून लोंबकळत होतीस. मग काय, अशी ओरडली की शेजारचे बघायला आले."

"पण आई तर गरीब गाय होती!"

"कसली गाय! माणूस गेलं की लोक त्याची गाय करतात. तिच्यापुढे मीच गरीब. मी भेटायला आले की तुला पाजून माझ्या मांडीवर टाकायची. धर हिला, म्हणायची, जीव खाल्ला माझा. आणि मी उठून दाराशी गेले की लगेच, आण इकडे, माझी आहे ती."

ठिणगी खुर्चीला धरून उभी होती. "त्या दिवशी मी त्या फोटोला एवढी हसले. तू का ऐकून घेतलंस?"

"नावं तिला ठेवत होतीस, तिला कशाला लागू द्यायची? म्हटलं, माझ्यावरच घ्यावं. मला काय, सवय आहे." मावशीचा एक हात अजून छातीशीच होता. "पण एक सांगू? मघाशी दार ढकलून आत आलीस ना, तोंड उघडं, हात असा पुढे. माझ्या काळजात धस्स झालं. मला वाटलं, डावीच आली."

ठिणगी मावशीच्या पायाशी जमिनीवर बसली.

"परत सांग," ती म्हणाली.