तुमच्या कृपेनं बरंय

शिनोबाईंनी ते ऐकलं सार्वजनिक न्हाणीघरात, गरम हौदात गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या तेव्हा. संध्याकाळची वेळ, बायकांची गर्दी, लाकडी बादल्यांचा खडखडाट. एवढ्या वाफेत त्या कोपऱ्यात आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बाहेर नळापाशी टोफूवाल्या सेइकिचींची बायको मासुवहिनी शेजारणीची पाठ चोळत बसली होती.

"आमचे हे आता दर गुरुवारी बसनं पलीकडच्या गावी जातात. तिथे कमरेला विजेचा शेक देतात. त्यानं निदान उठता-बसता येतं."

"पण मंगळवारी शिनोबाईंकडे जातात ना?"

"जातात की, नऊ वर्षं झाली. काडीचा फरक नाही पडला. पण बाईंना सांगणार कसं? बिचारी आंधळी, तिच्या जिवाला लागेल. जायचं, तासभर पडायचं, बरं वाटलं म्हणायचं आणि यायचं."

दोघी अंग पुसून निघून गेल्या तरी शिनोबाई पाण्यातच बसून राहिल्या. बोटांची कातडी सुरकुतली. त्या चार वर्षांच्या असताना गोवरानं त्यांचे डोळे नेले होते. शहरातल्या अंधशाळेत त्या सुया टोचायला आणि नागदवण्याची लव कातडीवर पेटवून डाग द्यायला शिकल्या, सरकारी परीक्षा पास झाल्या, आणि चौतीस वर्षं या बंदराच्या गावात स्वतःच्या हातांवर जगत आल्या. कुणी रस्ता ओलांडून देतो म्हटलं तर त्या काठी आपटायच्या. आणि इथे नऊ वर्षं दर मंगळवारी एक माणूस त्यांच्या चटईवर दया म्हणून पालथा पडत होता.

दर वेळी त्या विचारायच्या, "कसं आहे?" दर वेळी सेइकिची म्हणायचे, "तुमच्या कृपेनं बरंय." सेइकिचींची कंबर हे आपलं सगळ्यात चांगलं काम, असं त्या समजत आल्या होत्या. शहरात सुईवाल्यांची सभा भरली तेव्हा त्यांनी उभं राहून ते सांगितलं होतं. नवा रोगी आला की त्या म्हणायच्या, "टोफूवाल्यांना विचारा." लोक विचारायचे, आणि तो भला माणूस त्यांनाही सांगायचा, "बाईंच्या हाताला गुण आहे."

मग त्यांना तोमिए आठवली.

तोमिए मासळीबाजारात मासे साफ करायची. एकोणतीस वर्षांची, धडधाकट. वसंतात एक खोका उचलताना तिच्या कमरेत उसण भरली ती उजव्या पायात उतरली. दोन महिने ती दर बुधवारी येत होती. शिनोबाई तिला सेइकिचींचेच डाग, सेइकिचींच्याच जागी सुया देत होत्या. "धीर धर," त्या तिला सांगायच्या, "टोफूवाल्यांनाही तीन महिने लागले."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या काठी टेकत बाजारात गेल्या.

"तोमिए, या खोक्यावर बस. उजवा बूट काढ."

"इथे, बाई? माझे हात माशांनी भरलेत."

"हात नकोत मला. पाय दे."

त्यांनी तिच्या पावलावर तळहात ठेवला. "पाऊल वर उचल. माझा हात ढकल." हात जागचा हलला नाही. डाव्या पायानं ढकललं तेव्हा हात झटक्यात वर गेला. पुन्हा उजवा. तो ओल्या फडक्यासारखा लोंबत होता.

"कधीपासून?"

"तीनेक आठवडे झाले असतील."

"बुधवारी मी विचारलं तेव्हा काय म्हणालीस?"

तोमिए बूट चढवू लागली.

"काय म्हणालीस?"

"बरंय म्हटलं."

"जिन्यात तुझी चप्पल घासत होती. मी विचारलं. तू म्हणालीस, नवी आहे, सैल होते."

"तुम्हीच म्हणालात ना, सेइकिचीकाकांनाही तीन महिने लागले. म्हटलं, आपण दुसऱ्याच महिन्यात कुरकुर कशी करायची? तुम्ही इतकं मनापासून करता..."

"मनापासून गेलं खड्ड्यात," शिनोबाई म्हणाल्या. आजूबाजूच्या सुऱ्या थांबल्या. "ऊठ. हात धू. आत्ताच्या आत्ता शहरात जायचं."

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता आणि शिनोबाईंशी अदबीनं बोलला, हे त्यांना जास्तच झोंबलं. मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती. उद्या शस्त्रक्रिया करू, पण पाऊल पूर्ण परत येईल असं सांगता येत नाही, तीन आठवड्यांपूर्वी आणायला हवं होतं, असं तो म्हणाला. तोमिएची आई दुपारच्या बसनं आली. लांबलचक व्हरांड्यात ती शिनोबाईंसमोर उभी राहिली.

"माझी पोर तुमच्या भरवशावर होती," ती म्हणाली. "सून शहरात न्या म्हणत होती. मीच म्हटलं, शहरात कशाला, आपल्या बाई आहेत."

शिनोबाई कमरेतून वाकल्या, आणि तिची पावलं लांब जाईपर्यंत वाकलेल्याच राहिल्या.

मंगळवारी दुपारी सेइकिची आले. त्यांच्या अंगाला नेहमीसारखा उकळलेल्या सोयाबीनचा वास येत होता. सदरा काढून ते चटईवर पालथे झाले.

"कसं आहे?" शिनोबाईंनी विचारलं.

"तुमच्या कृपेनं बरंय."

"गुरुवारच्या विजेच्या कृपेनं की मंगळवारच्या माझ्या?"

सेइकिचींनी उशीवरून मान उचलली.

"मासुनं सांगितलं?"

"सांगितलं नाही. ती दुसऱ्या कुणाला सांगत होती, ते मी ऐकलं."

"बाई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला वाईट वाटू नये याचं औषध तुमच्याकडे मागितलं होतं मी? वैद्य कोण, मी की तुम्ही?" शिनोबाईंचा आवाज चढत नव्हता. तो खाली खाली जात होता. "डोळस वैद्याशी रोगी खोटं बोलला तर त्याला रोग्याच्या कपाळावरची आठी तरी दिसते. मला दिसत नाही. माझ्याजवळ काय आहे? माझी बोटं आणि तुमचा शब्द. तो शब्द तुम्ही नासवलात. नासका टोफू देता का तुम्ही गिऱ्हाइकाला, त्याला बरं वाटावं म्हणून?"

"नाही," सेइकिची उशीत तोंड घालून म्हणाले.

"मग मलाच का? आंधळी आहे म्हणून? बिचारी आहे म्हणून? तुमच्या शब्दावर मी तोमिएला थोपवून धरलं. आता ती पाय ओढत चालणार, जन्मभर."

सेइकिची सावकाश उठून बसले. उठताना कण्हले. नऊ वर्षांत त्या खोलीत ते पहिल्यांदाच कण्हले होते.

"तो पाय माझ्या माथी मारू नका, बाई," ते म्हणाले, आणि आता त्यांच्याही आवाजाला धार होती. "मी खोटं बोललो, कबूल. माझ्या बापानं शिकवलं, कुणी आपल्यासाठी राबलं की बरं म्हणायचं. पण बोटं कुणाची होती माझ्या कमरेवर? हा दगडासारखा गोळा नऊ वर्षं इथेच आहे. तुमच्या बोटांना लागला नाही? तुम्हीच म्हणायच्या, आज जरा सैल लागतंय. मी म्हणायचो, हो. पहिलं खोटं कोण बोललं, सांगा."

तो दगड शिनोबाईंना लागत होता. दर मंगळवारी लागत होता, खुब्याच्या हाडाच्या जरा वर, तस्साच. एक-दोनदा त्यांच्या मनात आलंही होतं. पण वर तो गोड शब्द यायचा, आणि त्या बोटांचं ऐकायचं सोडून द्यायच्या.

"चालते व्हा," त्या म्हणाल्या.

सेइकिचींनी सदरा घातला, बटणं लावली आणि गेले. जिना उतरताना त्यांनी कठडा दोन ठिकाणी धरला. शिनोबाईंनी तो आवाज नीट ऐकला. पूर्वीही तो असायचाच.

त्या आठवड्यात त्यांनी कुणालाही हात लावला नाही. नंतर दार उघडलं तेव्हा येईल त्याला उंबऱ्यातच सांगितलं, इथे बरं वाटलं म्हणायचं नाही, कुठे दुखतं तेवढं बोलायचं. कोळ्यांना ते चाललं. दुकानदारांच्या बायकांना उद्धट वाटलं. पानगळीपर्यंत निम्मे रोगी तुटले. मासुवहिनी डबाभर टोफू घेऊन माफी मागायला आली, तेव्हा शिनोबाईंनी डबा घेतला नाही. "बिचारीला काय द्यायचं ते देऊन झालंय तुमचं," असं म्हणून त्यांनी दार सरकवून बंद केलं.

तोमिएचं पाऊल निम्मं परत आलं. बाजारात तिला काट्यापाशी बसून मासळी तोलायचं काम मिळालं. शिनोबाई तिला भेटायला गेल्या, तेव्हा तिनं आधी समोरच्या गिऱ्हाइकाची मासळी तोलून दिली.

"तुमचा राग येतो मला, बाई," मग ती म्हणाली. "त्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडलात. चप्पल घासताना ऐकू आली होती तुम्हाला. तेव्हाच का नाही धरून बघितलात माझा पाय?"

"बघायला हवा होता."

"हो, हवा होता." तिनं पुढच्या गिऱ्हाइकाची मासळी काट्यावर टाकली. ती पुन्हा कधी शिनोबाईंकडे आली नाही.

सेइकिची आले ते भर बर्फात, मंगळवारीच. उंबऱ्यावरच थांबले.

"दुखतंय," ते म्हणाले. "कंबर दुखते. पाय रात्रभर ठणकतो. तुमच्या डागांनी माझ्या खुब्यावर तीन काळे वण पडलेत, त्यांचा काही उपयोग झाला नाही. आणि तुमची ही खोली भयंकर गार असते."

"मग शेगडीजवळ बसा," शिनोबाई फणकारल्या. खोलीबद्दल त्यांना कधीच कुणी बोललं नव्हतं. त्यांनी सेइकिचींना पालथं पाडलं, दगडावर बोटं ठेवली, आणि या वेळी बराच वेळ तिथून हलवली नाहीत. "हे माझ्याच्यानं होणार नाही. हाडांच्या डॉक्टरला दाखवा. पलीकडच्या गावच्या विजेवाल्याला नव्हे, शहरात."

"बरं. आणि खांदा?"

"खांद्याचं काय?"

"सहा वर्षं दुखतोय. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"आता सांगतोय ना."

शिनोबाईंनी दात-ओठ खात सुयांची डबी ओढली. राग गेला नव्हता, एका मंगळवारात जाण्यासारखा नव्हताही. त्यांनी खांद्याची जागा चाचपली, सुई टेकवली.

"दुखलं की बोला. गप्प राहिलात तर हाकलून देईन."

"आई गं," सेइकिची म्हणाले.

"खरंच, की मला बरं वाटावं म्हणून?"

"खरंच. काढा ती."

त्यांनी सुई काढली आणि बोटभर खाली दुसरी जागा शोधू लागल्या.