ओइवाची तर्जनी आणि चरे पडलेला पिस्टन

ओइवाने चरे पडलेला पिस्टन परत बसवला, शनिवारी मोटारकरवत साडेचार मिनिटं चालली आणि मग कायमची गप्प झाली. पण हे अजून कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा आपणही ऐकलं नाही असं समजू. आज गुरुवार आहे. पिस्टन स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वेलचीच्या पावांच्या ताटलीशेजारी पडला आहे आणि ओइवा दमला आहे.

येत्या शनिवारी तळ्याकाठी जुन्या लाकूडतोड्यांचा मेळावा होता. नियम ओइवानेच लिहिलेला: निदान तीन जुन्या मोटारकरवती चालू झाल्या तरच मेळावा, नाहीतर सभासदांनी घरी जाऊन झोपावं. सुरुवातीला एकेचाळीस करवती होत्या. आता तीन उरल्या होत्या, आणि त्यातली तिसरी ही.

गेल्या आठवड्यात ती जाम झाली, कारण पेट्रोलमध्ये मिसळावं लागणारं तेलच नव्हतं. जंगलातल्या छावणीत शिकवलं होतं, दोन थेंब बोटांत चोळा, बुळबुळीत लागलं तर तेल आहे. ओइवाने इमानाने चोळले. पण तेवीस वर्षं याच करवतीच्या थरथराटाने त्याची बोटं पांढरी पडून बधिर झाली होती. त्यांना काहीही विचारलं तरी ती ‘हो’ म्हणायची.

आता धूर बाहेर पडतो त्या बाजूला पिस्टनवर उभे चरे होते. नख अडकलं नाही, तर घासून परत वापरायचा. अडकलं तर फेकायचा, कारण तसाच बसवला तर सिलिंडरही सोलून निघणार आणि करवत संपणार. नवा पिस्टन मिळत नव्हता. करवतींच्या कारखान्याच्या जागी आता लोक पैसे भरून ओंडके उचलायचे, व्यायाम म्हणून.

ओइवाने नख फिरवलं. गुळगुळीत. गेली तीस वर्षं त्याला सगळं जग गुळगुळीतच लागत होतं. मग त्याने डोळे मिटून पिस्टन खालच्या ओठावरून हळूच फिरवला.

त्याची बायको लेम्पी विणकाम थांबवून बघत राहिली. “लग्नात पाद्रीबाबा समोर उभे होते, तरी तू माझ्या गालावरच उरकलं होतंस.”

“गप गं. ओठ म्हणतोय, चरा बारीक आहे.”

“तुझ्या ओठाला काय कळतंय? आण इकडे.” तिचं नख निम्म्यात थांबलं. “अडकतंय.”

“किती?”

“मोज्याचा टाका सुटलाय हे कळावं, इतकं.”

“म्हणजे फारसं नाही.”

“म्हणजे मी तो मोजा उसवते, ओइवा.”

“पुन्हा बघ.”

“तीनदा बघितलं. गोड ऐकायचं असेल तर तुझ्या बोटांना विचार, ती तुझ्याच बाजूची आहेत.”

ओइवाने कॉफी ओतून घेतली. “नाही बसवला तर दोनच करवती. मेळावा बंद.”

“मग नियम बदला.”

“त्याला सभा लागते. सभा मेळाव्यातच भरते.”

लेम्पीने पिस्टन त्याच्यापुढे सरकवला. “आणि बसवला तर?”

“एक ओंडका कापून होईल. कदाचित.”

“मग घास बाबा. पॉलिश पेपर खिडकीत आहे. पण उद्या मला हाका मारू नकोस, मी ताईबरोबर बेरी वेचायला जातेय.”

म्हणजे घासून झालेला पिस्टन तपासायला घरात कामाचं एकही नख उरणार नव्हतं. ओइवाने कपाटातून पेन्शन कचेरीचं जुनं पत्र काढलं. त्यात त्याच्या बोटांची ‘पंधरा टक्के हानी’ मान्य केलेली होती. मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने सावकाश लिहिलं:

‘महोदय, अर्जदाराच्या उजव्या तर्जनीची जाणीव सेवाकाळात खर्ची पडली असून ती आपल्या दप्तरी नोंदलेली आहे. सदर जाणीव येत्या शुक्रवारी दुपारी दोन ते चार या वेळेत अर्जदारास तात्पुरती परत मिळावी. अंगठ्याची मागणी नाही. काम होताच ती सुस्थितीत जमा करण्यात येईल. मंजुरी उलटटपाली कळवावी, ही विनंती.’