टाकीखालचा झोका

जळगावातल्या उंच इमारतीच्या गच्चीवर रंगाऱ्यांचे दोर बांधायची लोखंडी कडी तपासायला दीपमाला चढली, तर पाण्याच्या टाकीखालच्या दोन कड्यांना चक्क झोका बांधलेला! तिचं डोकंच फिरलं.

"अक्का, या कड्यांवर माणसांचे जीव लटकतात!"

"आखाजीच्या सणाले पोरी माहेरले येतीन. झोक्याचा निंब तं राह्यना नही. झोका कोठे बांधू?" तिथेच गच्चीवरच्या खोलीत राहणारी भिकुबाई म्हणाली.

पुटपुटतच दीपमालाने यंत्राने दोन्ही कडी ओढून पाहिली. पक्की होती. आता झोका सोडायचा होता. पण दुपार पेंगत होती आणि दूर तिच्या माहेरची, असोद्याची केळी हिरव्या धुरासारखी तरंगत होती. ती क्षणभर झोक्यावर टेकली.

भिकुबाईने मागून हलकेच ढकललं.

आई गेल्यापासून आखाजीला तिच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता.