जागा धरणारी बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. पण मला उचलून नळावर न्यायला जाल तर फसाल. माझ्या पोटात पाणी मावत नाही. काठापर्यंत सिमेंट भरलेलं आहे आणि मधोमध झाडूचा दांडा रोवला आहे. आमच्या मेक्सिको शहरात माझ्यासारख्या बादल्या गल्लोगल्ली रस्त्याच्या कडेला उभ्या असतात.

मी जन्मले ती रंगाची बादली म्हणून. आमच्या तेपोसान गल्लीतले गवंडी फिदेन्सिओ मिस्त्री यांनी मला विकत आणलं, कारण त्यांच्या मुलीचा, नोएमीचा, पंधरावा वाढदिवस होता, जो आमच्याकडे लग्नासारखा थाटात करतात, आणि पाहुणे यायच्या आधी घराचा दर्शनी भाग रंगवायचा होता. तो रंग मला अजून आठवतो, कच्च्या पपईसारखा हिरवा. हर्मिलाबाई, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, नाक मुरडून म्हणाल्या होत्या, "अहो, हे घर आहे की भाजीचं दुकान?" पण समारंभाच्या दिवशी सगळ्या गल्लीने कौतुक केलं, तेव्हा त्याच मान उंचावून सांगत होत्या, "रंग मीच निवडला हो!"

रंग संपला आणि मी मिस्त्रींच्या हाताखाली कामाला लागले. मी वाळू वाहिली, पाणी वाहिलं, कालवलेला माल शिडीवरून वर नेला. दुपारच्या सुट्टीत मला पालथी घालून मिस्त्री माझ्यावर बसत आणि शिळ्या पोळीत घेवडा गुंडाळून खात. ते सुखाचे दिवस होते. त्या काळी आमच्या गल्लीच्या चढावर गाडी क्वचितच दिसे. पोरं भर रस्त्यात चेंडू खेळत, बायका दारात बसून भाजीच्या निवडुंगाचे काटे काढत, आणि कुणाकडे लग्न निघालं तर रस्त्यातच मांडव पडे.

मग हळूहळू गाड्या वाढल्या. आधी गल्लीचा एक काठ भरला, मग दुसरा. मिस्त्रींनीही एक जुनी पांढरी गाडी घेतली, पण संध्याकाळी घरी यावं तर दारात दुसऱ्याचीच गाडी उभी. एका रविवारी त्यांनी कामावरून उरलेलं सिमेंट कालवलं, माझ्यात ओतलं, दांडा सरळ धरून उभे राहिले आणि म्हणाले, "फार राबलीस बाई. आता बसून खा."

तेव्हापासून मी जागा धरते. आमच्याकडची रीतच आहे ती. गाडी निघाली की दारासमोर बादली ठेवायची, गाडी आली की उचलायची. हे कायद्यात बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्या दारात बादली त्याची जागा, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

एकालाच ते मान्य नव्हतं. समोर राहणारा निकानोर. तो गॅसच्या टाक्या वाटायचा. त्याची टाक्यांनी भरलेली गाडी लांब, आणि त्याच्या दारासमोर विजेचा खांब. त्यामुळे त्याचा डोळा सदा माझ्या जागेवर. येता-जाता तो मला लाथ घाली.

"रस्ता काय तुमच्या बापाने बांधलाय?" तो ओरडे.

"बापाने नाही, नवऱ्याने!" हर्मिलाबाई खिडकीतून उत्तर देत. "फरशी कुणी घातली, विचार जा!"

मला दोघांचाही राग येत नसे. भांडण झालं की दोघं दिवसभर ताजेतवाने दिसत.

मग मिस्त्रींना साखरेच्या आजाराने गाठलं. अंगठ्याला झालेली जखम बरी होईना, आणि शेवटी गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. पाठोपाठ मूत्रपिंडांनी हात टेकले. मंगळवार, गुरुवार, शनिवार अशा आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जावं लागे. तिथे प्रत्येकाची खुर्ची ठरलेली आणि वेळ ठरलेली. उशीर झाला की खुर्ची दुसऱ्याला देत. आमचा चढ असा की चाकांची खुर्ची हातातून सुटली तर थेट खालच्या बाजारात. म्हणून गाडी दारातच लागली पाहिजे. नोएमी गाडी घेऊन कामावर जाई आणि वडिलांना न्यायला परत येई. तोवर जागा मी सांभाळायची.

मी माझ्या परीने सांभाळत होते. पण मंगळवारी खालच्या रस्त्यावर आठवड्याचा बाजार भरतो आणि तिथल्या सगळ्या गाड्या आमच्या चढावर येतात. अशाच एका मंगळवारी कुणी परका आला, मला दांड्याला धरून फुटपाथला टेकवलं, गाडी लावली आणि बाजारात दिसेनासा झाला. नोएमीने हॉर्न वाजवून वाजवून गल्ली डोक्यावर घेतली. त्या दिवशी मिस्त्रींची पाळी चुकली. दोन दिवसांत त्यांचा चेहरा भिजवलेल्या पिठासारखा फुगला. त्यांना आडवं होता येईना. खुर्चीत बसून ते श्वास ओढत आणि तो आवाज मला दारात ऐकू येई.

"पुन्हा असं झालं तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टर म्हणाले," नोएमी पायरीवर बसून रडत म्हणाली. "आई, बादलीने नाही भागणार. अपंगांच्या जागेचा परवाना काढू. निळी चौकट आखून देतात."

मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण ती खरंच बोलत होती.

अर्ज करणं सोपं नव्हतं, मित्रांनो. पहिल्यांदा हर्मिलाबाई कचेरीतून परत आल्या त्या फणफणत.

"अर्ज परत केला! दाखल्यावर 'पाय कापला' लिहिलंय, 'कायमचं अपंगत्व' लिहिलेलं नाही म्हणे!"

"मग तू काय म्हणालीस?" मिस्त्रींनी विचारलं.

"म्हटलं, बाई, तो पाय आहे, शेवग्याची फांदी नव्हे. पुन्हा फुटायचा नाही!"

"हसली का ती?"

"हसली. आणि परत केला."

मिस्त्रीही हसले, पण लगेच त्यांना धाप लागली. पुन्हा आरोग्य केंद्र, पुन्हा रांग, नवा दाखला. मग अर्जदाराने स्वतः हजर राहावं असा निरोप आला. नोएमीने त्यांना नेलं, तर कचेरीच्या दारात गाडी लावायला जागा नाही! अखेर अर्ज दाखल झाला आणि उरली फक्त पाहणी. त्या दिवशी हर्मिलाबाई घरी आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता.

"मंगळवारी पाहणीला बाई येणार. सकाळी केव्हाही. फोटो काढतील. जागा मोकळी दिसली पाहिजे. रस्त्यावर आपली बादली, खुर्ची, दगड, काही दिसलं की रस्ता अडवला म्हणून अर्ज बाद. मग वर्षभर करता येत नाही."

"मंगळवारीच?" नोएमी म्हणाली. "बाजाराच्या दिवशी?"



मंगळवार उजाडला. माय-लेकींनी मला फरफटत फाटकाच्या आत नेलं. गाडी दारातच ठेवावी तर पाहणीत जागा मोकळी दिसणार नाही. म्हणून नोएमी ती काढून वरच्या वळणावर थांबली. पाहणी झाली की लगेच खाली यायचं ठरलं होतं. हर्मिलाबाई मिस्त्रींना तयार करायला आत गेल्या. जाता जाता त्यांनी शेजारच्या एदुविखेसला, जिचं मक्याच्या पोळ्यांचं दुकान आहे, सांगितलं, "जरा लक्ष ठेव गं. पाहणीच्या बाई येतायत. जागा मोकळी राहिली पाहिजे."

एवढंच सांगितलं. बाकीचं सांगायचं राहून गेलं.

आता आमच्या गल्लीत जागा मोकळी ठेवायची म्हणजे काय करतात? तिच्यात काहीतरी ठेवतात! एदुविखेसने रस्त्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, हिची बादली आतच राहिली!" तिने फाटक उघडलं, मला बाहेर ओढलं आणि नेहमीच्या जागी उभं केलं. तेवढ्याने तिचं समाधान होईना. तिने दुकानातलं लाकडी खोकं आणलं. हाकाटी ऐकून बाकीचेही धावले. मिस्त्रींसाठी नाही म्हणणार कोण? त्यांनी बांधलेल्या भिंतींआड सगळी गल्ली झोपते. कुणी तीन पायांची खुर्ची आणली, कुणी टायर, कुणी जिन्याखालचं फुटकं कमोड. बघता बघता मी एका भल्यामोठ्या बंदोबस्ताच्या मधोमध उभी होते. मला सगळं ठाऊक होतं, पण बादलीचं ऐकतं कोण?

हर्मिलाबाई मिस्त्रींची खुर्ची ढकलत दारात आल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

"हे काय केलंत?"

"मोकळी ठेवली!" एदुविखेस अभिमानाने म्हणाली. "उंदीर शिरायचा नाही!"

"काढा! सगळं काढा! बाईंनी पाहिलं तर अर्ज बाद!"

धावाधाव झाली. पण टायर उचलला तोच बाजाराची एक निळी गाडी त्या फटीत नाक घालून उभी राहिली. टायर परत ठेवला. खुर्ची उचलली, तर मागून दुसरी गाडी. काढावं तरी पंचाईत, ठेवावं तरी पंचाईत. मिस्त्रींच्या वेळेचा काटा पुढे सरकत होता. हर्मिलाबाईंनी माझा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

तेवढ्यात चढावरून एक बाई छत्री घेऊन येताना दिसल्या. गळ्यात सरकारी ओळखपत्र. त्या येऊन थांबल्या, त्यांनी खोकं पाहिलं, कमोड पाहिलं, मग मला पाहिलं.

"ही बादली कोणाची?"

गल्लीने माना फिरवल्या.  आणि मला भीती वाटत होती तेच झालं. मिस्त्रींनी मान वर केली. आपल्या हातची वस्तू नाकारायची त्यांना सवयच नव्हती.

"बाई, ती बादली मी..."

"माझी आहे!"

समोरच्या दारातून निकानोर आला. बनियनवर, अर्धी दाढी फेसात.

"माझी बादली. माझ्या गॅसच्या गाडीसाठी ठेवतो मी. विश्वास नसेल तर या बाईंना विचारा, किती वर्षं भांडतायत माझ्याशी हिच्यावरून!"

पाहणीच्या बाई वळल्या. "खरं का हो?"

हर्मिलाबाईंनी निकानोरकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, रडतील. मग जो तोंडाचा पट्टा सुटला तो काही विचारू नका. "खरं म्हणजे? अहो, जीव खाल्लाय माझा या माणसाने! कोंबडा आरवायच्या आधी टाक्या आदळतो! येता-जाता लाथा काय, शिव्या काय! लाज नाही, शरम नाही!" वर्षानुवर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. निकानोर मान खाली घालून ऐकत होता. मिस्त्रींनी रुमालात तोंड लपवलं.

"पुरे," बाई म्हणाल्या. "उचला तुमची बादली. दंडाची पावती तुमच्या नावाने येईल. आणि बाकीच्यांनी हे दुकान आवरा."

निकानोरने मला उचललं. ज्या पायाने लाथा मारल्या त्याच पायाने लंगडत, धापा टाकत त्याने मला रस्त्यापार नेलं. खोकी, टायर, कमोड घराघरांत पळाली. निळी गाडी पुन्हा पुढे सरकली, तशी एदुविखेस लाटणं घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. "थांब रे बाबा! फोटो चाललाय, दिसत नाही?" बाईंनी मोकळ्या जागेचा फोटो काढला. चाकांच्या खुर्चीकडे पाहिलं. छत्री मिटून म्हणाल्या, "गाडी बोलवा तुमची. उशीर होईल त्यांना." त्यांना किती कळलं होतं, ते मला आजवर उमगलेलं नाही. नोएमी खाली आली, आणि मिस्त्री वेळेत त्यांच्या खुर्चीवर पोचले.

परवाना मिळाला. माणसं येऊन निळी चौकट रंगवून गेली. मिस्त्री दारातून सूचना करत होते, "पोरांनो, कड सरळ घ्या, ब्रश भिजवा नीट!" मी मात्र निकानोरकडेच राहिले. तो एकदा म्हणाला, "घेऊन जा की तुमची बादली." हर्मिलाबाई म्हणाल्या, "माझी कुठली? सरकारने तुमच्या नावावर लावलीय." दंडाची पावती आली त्या दिवशी मात्र त्यांनी त्याच्याकडे झाकलेल्या वाडग्यात मोले नावाचं मिरच्यांचं दाट कालवण पाठवलं, आणि निरोप दिला की तिखट कमी वाटलं तर तोंड बंद ठेवावं.

आता मी त्याच्या फाटकाला टेकण म्हणून उभी असते. ऊन-पावसाने माझा काठ तडकलाय. कुणी विचारत नाही, आणि माझी तक्रारही नाही. इथून मला समोरची निळी चौकट दिसते.

पण परवाच्या मंगळवारी तिच्यात एक चकचकीत गाडी उभी होती. मिस्त्री दारात खुर्चीवर, नोएमी गाडी घेऊन मागे अडकलेली, हर्मिलाबाई प्रत्येक दुकानात डोकावून मालक शोधत होत्या. शेवटी एक तरुण पोळ्यांचं पुडकं घेऊन पळत आला. "माफ करा हं, दोनच मिनिटं लागली."

मिस्त्री रागावले नाहीत. बोलायला त्यांना दम कमी पडतो. एवढंच म्हणाले, "बाळा, तिकडे माझी खुर्ची दुसऱ्याला देतात रे."

त्या तरुणाच्या हातातलं पुडकं तसंच राहिलं. त्याने आपली गाडी काढली, मिस्त्रींना उचलून नोएमीच्या गाडीत बसवायला मदत केली, आणि गाडी उतारावरून निघून गेली. वेळेत पोचले का, ते संध्याकाळपर्यंत मला कळलं नाही. ती संध्याकाळ फार लांब होती. ते परत आले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मला हलवायचं तर निदान वाकावं लागे, जोर लावावा लागे. तेवढ्या वेळात माणसाच्या मनात काहीतरी येई. रंगाला हलवावं लागत नाही. त्याच्यावरून चाक सहज जातं, आवाजसुद्धा होत नाही. म्हणून तुम्ही मोठे व्हाल आणि गाडी चालवाल, तेव्हा अशी निळी चौकट रिकामी दिसली तर ती रिकामी आहे असं समजू नका. तिच्यासमोरच्या दारात कुणीतरी कपडे करून, तयार होऊन बसलेलं असतं.